गायकवाड सरांचं अकराचं

पिठलं संपलं की कढईच्या तळाला जी खरवड राहते ती काढायला वेळ लागतो, पण खरी चव तिथंच असते. आमच्या रविवारच्या मंडळींच्या किश्श्यांचं तसंच आहे. कुणी मुद्दाम साठवले नाहीत, आपोआप तळाला लागत गेले. परवा स्टाफरूममध्ये एकीनं सहज विचारलं, "मॅडम, ते गायकवाड सरांच्या भाकरीचं काय झालं होतं म्हणे?" आणि मी जी सुरू झाले, ती माझा पुढचा तास बुडाला. तेव्हा म्हटलं, एकदाचं सगळं खरवडून काढावं.

मंडळी म्हणजे फार कुणी नाही. नांदेडच्या आमच्या शाळेत भूगोल शिकवणारे गायकवाड सर. त्यांच्या बायको सुरेखावहिनी, दवाखान्यात नर्स. गणिताचे बिरादार सर, मूळचे लातूरकडचे, रेणापूरचे. मी, विज्ञान शिकवते. आणि आमचे हे, जे दिवसा विमा कार्यालयात असतात आणि घरी आल्यावर खुर्चीत असतात.

झालं असं, की फेब्रुवारीत संस्थेनं गायकवाड सरांच्या हातात ऑर्डर ठेवली. जूनपासून हदगावची शाखा. वहिनींची नोकरी इथली, मुलगी बारावीला जाणार, म्हणजे सरांना एकट्यालाच जावं लागणार. आणि सरांचं पित्त असं, की दोन दिवस हॉटेलचं खाल्लं की तिसऱ्या दिवशी सलाईन. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, घरचं खा नाहीतर माझ्याकडे येऊ नका. आता घरचं करणार कोण? सरांनी पन्नाशीपर्यंत चहासुद्धा हाक मारूनच प्यायलेला.

"मॅडम, च्यार महिन्यांत मला जगायपुरतं शिकवा," सर म्हणाले. ही चेष्टा नव्हती, माणूस खरंच घाबरला होता.

मग ठरलं. दर रविवारी आमच्या घरी, सकाळी नुसत्या चहावर राहायचं आणि अकरा वाजता एकदाच पोटभर खायचं. पुण्याची माझी भावजय म्हणते की याला ब्रंच म्हणतात. आम्ही 'अकराचं' म्हणायचो. करणार गायकवाड सर, सांगणार बिरादार सर, कारण "लातूरला शिकायला हुतो तवा पाच वर्सं हातानं करून खाल्लंय म्या" हे त्यांनीच छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. आणि वहिनींनी बसायचं, बघायचं, पण तोंड उघडायचं नाही. कारण त्यांनी तोंड उघडलं की सरांच्या हातातलं उलथनं खाली पडायचं.

* * *

पहिल्या रविवारी सरांनी काही शिजवलंच नाही. वही काढली आणि माझ्या स्वयंपाकघराचा नकाशा काढला. भूगोलाचा माणूस! वर उत्तर दिशा, खाली सूची, कोपऱ्यात प्रमाण. मोहरी वायव्येला, हळद तिच्या शेजारी, दाण्याचा कूट पूर्वेच्या फळीवर डावीकडून तिसरा डबा. गॅस कुठं आहे हेही दाखवलं होतं, म्हणजे तो हरवायला नको.

दुसऱ्या रविवारी सुशीला करायची ठरली. आमच्याकडची ही सगळ्यांत सोपी न्याहारी. मुरमुरे भिजवून पिळायचे, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतायचे, वरून दाण्याचा कूट. आता नेमकं त्याच आठवड्यात आमच्या ह्यांनी, लग्नानंतर पहिल्यांदाच, माझी फळी पुसून डबे लावून ठेवले होते. उंचीप्रमाणे.

सरांनी वही उघडली, पूर्वेची फळी मोजली, तिसरा डबा काढला आणि दोन मुठी कढईत घातल्या. आत येसराचा मसाला होता, आमटीत चमचाभर घातला तरी कानातून वाफ निघते असा. रंग जरा तांबूस दिसला असेल, पण नकाशावर विश्वास ठेवणारा माणूस रस्त्याकडे बघत नाही.

"नकाशा तर बरोबर हुता," दुसरा तांब्या संपवत सर म्हणाले.

"नकाशा बरोबरच आहे सर," मी म्हटलं. "देश बदलला."

* * *

सुशीलेवरून आमच्यात नांदेड-लातूर असं कायमचं युद्ध आहे. नांदेडकर म्हणतात लिंबू पिळा, लातूरकर म्हणतात पिळलं तर ताटावरून उठतो. पण सगळ्यांत मोठा फरक पाण्याचा. बिरादार सर जिथं वाढले तिथं उन्हाळ्यात नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवस पाणी यायचं नाही. त्यामुळे हा माणूस तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना घालतो आणि हात धुतलेल्या पाण्याकडेही काहीतरी उपयोग सापडेल अशा नजरेनं बघतो.

एका रविवारी पुन्हा सुशीला आणि जोडीला पिठलं असा बेत होता. गायकवाड सर मुरमुरे भिजवलेलं पाणी सिंकमध्ये ओतायला निघाले, तर बिरादार सरांनी त्यांचा हात धरला.

"सर, काय करून राहिलात? चांगलं पाणी हाय ते. पिठल्याला घ्या."

गायकवाड सरांनी पाणी बाजूला ठेवलं. वहीत लिहूनही घेतलं, 'मुरमुऱ्याचे पाणी टाकू नये.' मग त्याच पाण्यात बेसन कालवलं आणि बिरादार सरांनी सांगितलं तेवढं मीठ घातलं. एक गोष्ट दोघांच्याही लक्षात आली नाही. मुरमुरे भाजतानाच त्यांना मीठ लावलेलं असतं, आणि ते सगळं मीठ त्या पाण्यात उतरलेलं होतं.

पहिल्या घासालाच सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. बिरादार सर मात्र शेवटपर्यंत हटले नाहीत. "गोदावरी हाय तुमच्याकडं, म्हून तुमी फेकता. आमाला पाण्याची किंमत हाय."

त्या दिवशी आम्ही एक तांब्या पाणी वाचवलं आणि संध्याकाळपर्यंत दोन घागरी प्यालो.

* * *

आमच्या ह्यांचं काम चव बघायचं. हे काम त्यांना कुणी दिलं नव्हतं. खुर्चीत बसून पेपर वाचता वाचता ते हात पुढं करायचे, सर चमचा द्यायचे, आणि हे पेपरमधून डोकं वर न काढता म्हणायचे, "मीठ जरा कमी आहे."

दर रविवारी हेच. सरांनी तीनदा मीठ वाढवलं आणि तीनदा पदार्थ बिघडवला. चौथ्यांदा ह्यांनी चव घेतली, मान हलवली, म्हणाले, "मीठ जरा कमी आहे."

"दादा," सर शांतपणे म्हणाले, "भाकरीच्या पिठासाठी पाणी गरम करून राहिलो. त्यात मीठ न्हाईच."

* * *

वहिनींचं न बोलणं हा वेगळाच विषय. बाई वॉर्डात चाळीस पेशंट एका आवाजात गप्प करतात, आणि इथं ओठ घट्ट मिटून स्टुलावर बसायच्या. नवऱ्यानं कांदा उभा चिरायच्या जागी आडवा चिरला की पदराचं टोक पिळायच्या. आमटी उतू जायला लागली की डोळे मिटून घ्यायच्या. मला त्यांची खरंच दया यायची.

एका रविवारी सरांनी फोडणीसाठी तेल ठेवलं आणि बिरादार सरांशी जिरं आधी की मोहरी आधी यावर वाद घालायला लागले. तेल तापलं, मग धुरायला लागलं. दोघंही मोहरीवर अडलेले. वहिनी स्टुलावरून उठल्या आणि मागच्या दारानं बाहेर गेल्या. मला वाटलं, बघवेना म्हणून गेल्या.

तेवढ्यात गॅस फक्कन विझला.

"सिलिंडर संपला," सर म्हणाले. बिरादार सर म्हणाले, नळी अडकली असेल. आमच्या ह्यांनी खुर्चीतूनच सांगितलं की सिलिंडर मागच्याच आठवड्यात बदललाय, संपायचं कारण नाही. लायटर बदलला, बर्नर काढून फुंकला. पाच मिनिटांनी मी मागच्या पडवीत गेले. आमचा सिलिंडर तिथं असतो. वहिनी त्याच्या शेजारी हाताची घडी घालून उभ्या होत्या आणि रेग्युलेटर बंद होता.

"अहो वहिनी, हे काय?"

"बोलायचं न्हाई असं ठरलं हुतं ना," त्या म्हणाल्या. "बोलले का मी?"

* * *

हे वेड शाळेतही गेलं. सरांनी आठवीच्या वर्गाला गृहपाठ दिला: 'तुमच्या घरी पिठलं कसं करतात ते पाच ओळींत लिहा.' मुख्याध्यापकांनी विचारलं, हा कुठला धडा? सर म्हणाले, स्थानिक भूगोल.

वह्या आल्या आणि सर स्टाफरूममध्ये बसून तपासणीच्या नावाखाली स्वतःच्या वहीत उतरवून घेत राहिले. कुणाच्या घरी ताकातलं, कुणाच्या घरी लसणाचं, एकीच्या घरी शेंगा कुटून घातलेलं. एका मुलीनं मात्र दोनच ओळी लिहिल्या होत्या.

'आमच्या घरी पिठलं पप्पा करतात. म्हणून आम्ही पोळी चहात बुडवून खातो.'

सरांनी तिला दहापैकी दहा दिले. म्हणाले, "लेकरानं खरं लिहिलंय."

* * *

आता भाकरीचं. यातलं खरं कारण मी आजवर कुणाला, स्टाफरूममध्येही, सांगितलेलं नाही.

सरांची भाकरी सहा रविवार तुटली. पीठ मळायचे, गोळा करायचे, थापायला लागले की कडेनं चिरा. तव्यावर टाकताना निम्मी तव्यात, निम्मी ओट्यावर. बिरादार सरांनी हाताला दोष दिला, आमच्या ह्यांनी परातीला दिला. सर रात्री उशीवर थापायचा सराव करतात असं वहिनींनी मला गुपचूप सांगितलं. सहाव्या रविवारी तर सर भाकरीचे तुकडे गोळा करता करता म्हणाले, "मॅडम, माझ्यानं हुणार न्हाई हे. हदगावला बिस्किटं खाऊन राहीन मी."

त्यांचा आवाज असा पडलेला मी कधी ऐकला नव्हता. आणि चूक माझी होती.

कसं आहे, शिकणारा माणूस पीठ वाया घालवणार हे उघड आहे. म्हणून मी त्यांना ताजं दळण देतच नव्हते. मागच्या डब्यात तीन महिन्यांपूर्वीचं ज्वारीचं पीठ पडून होतं, ते संपवत होते. जुन्या पिठाची विरी जाते, चिकटपणाच राहत नाही. त्या पिठाची भाकरी माझ्या आईलाही जमली नसती. हे मला पहिल्या भाकरीपासून माहीत होतं. पण सहा रविवार गप्प बसल्यावर सातव्याला तोंड कसं उघडायचं?

सातव्या रविवारी सकाळी मी गिरणीतून दळण आणलं, अजून कोमट होतं, आणि गुपचूप परातीत घातलं. सरांनी थापली. गोल! तव्यावर टाकली, पलटली, टम्म फुगली. सर भाकरीकडे बघत नुसते उभे राहिले. बिरादार सरांनी शिकवणीचं श्रेय घेतलं, ह्यांनी टाळ्या वाजवल्या, मी तर सगळ्यांत जोरात वाजवल्या.

वहिनी उठल्या. परातीत बोट घातलं, पीठ चिमटीत चोळून बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"पीठ ताजं हाय आज," त्या फक्त एवढंच म्हणाल्या. पहिल्यांदाच नियम मोडला, आणि मी काही हरकत घेतली नाही.

* * *

मे महिन्यात एका रविवारी बिरादार सरांच्या गाडीतून आम्ही सगळे रेणापूरला त्यांच्या आईकडे गेलो. बिरादार सर त्यांना माय म्हणतात, मग आम्हीही मायच म्हणायला लागलो. बेत धपाट्यांचा होता. ओल्या कापडावर ज्वारीच्या पिठाचं धपाटं थापायचं आणि कापडासकट उचलून तव्यावर उलटं टाकायचं, यात भल्याभल्यांचे हात भाजतात. गायकवाड सर करत होते आणि माय पाटावर बसून बघत होत्या.

"बायकू न्हाई का रं बाबा तुला?" त्यांनी विचारलं.

"हाय की. ती काय, बसलीय."

"मग तू कामून करून राहिलास?"

"हदगावला एकट्याला राहायचंय मला, माय. भाईरचं सोसत न्हाई."

मायनं मान डोलावली. "बेस करून राहिलास. कापड आनिक वलं कर जरा." मग विचारलं, "शिकवलं कुनी तुला?"

गायकवाड सरांनी बिरादार सरांकडं हात केला. बिरादार सर एकदम गाडीत काहीतरी राहिलंय म्हणून उठले.

"ह्यानं?" माय इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. "आवं, ह्यो लातूरला पाच वर्सं खानावळीत जेवला. हल्ली दर शनवारी मला फोन करून इचारतो, माय, सुशीला कशी करायची, माय, धपाट्यात काय काय घालत्यात. म्या म्हनलं, लेकाला उशिरा का हुईना, सुनंची दया आली!"

पुढच्या शनिवारपासून गायकवाड सर मायला थेट फोन करायला लागले. आणि रविवारी आमच्या ह्यांच्या खुर्चीशेजारी आणखी एक खुर्ची लागली.

* * *

जूनमध्ये सर हदगावला गेले. शनिवारी दुपारच्या बसनं नांदेडला यायचे, सोमवारी सकाळी परत. कसं चाललंय विचारलं तर म्हणायचे, "चाललंय." पण गालफडं बसलेली दिसत होती. वहिनी एकदा माझ्याकडे येऊन बसल्या. "मॅडम, तिकडं शिजवतेत का पाणी पिऊन झोपतेत, कळंना बगा. इचारलं की नुसतं हाव म्हणतेत."

ऑगस्टमध्ये सरांचा फोन आला. "ह्या रविवारी मी येत न्हाई. तुमीच या सगळे. अकराचं माझ्याकडं."

बिरादार सरांची गाडी गॅरेजमध्ये होती, म्हणून एसटीनं निघालो. वाटेत वारंगा फाटा लागतो. तिथली खिचडी इतकी नावाजलेली, की या रस्त्यानं जाणारा माणूस पोट भरलेलं असलं तरी उतरतो. बस दहा मिनिटं थांबली. आमचे हे आणि बिरादार सर लगेच उठले.

"दोन-दोन घास मारून घेऊ," बिरादार सर म्हणाले. "तिकडं काय मिळंल भरवसा न्हाई."

"बसा खाली," वहिनी म्हणाल्या. वॉर्डातला आवाज होता तो. "कुणी उतरायचं न्हाई. उपाशी पोटी जायचं. भूक असली की कसंबी केलेलं गोड लागतं माणसाला."

दोघं बसले. खिचडीचा वास खिडकीतून आत येत राहिला आणि आम्ही चौघं सरांसाठी भूक राखत राहिलो.

सरांची एकच खोली. एका कोपऱ्यात ओटा, त्यावर एक शेगडी. ताटं दोनच होती, तीन शेजारून मागून आणलेली. सर घामानं निथळत होते. पिठलं, गरम भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, चिरलेली काकडी. आम्हाला बसवलं, वाढलं, आणि स्वतः तव्यापाशी उभे राहिले.

"सुरेखा, आज बोल तू," ते म्हणाले. "आज नियम न्हाई."

वहिनींनी पहिला घास घेतला. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडं बघत होतो आणि सर तव्याकडं. वहिनी खाली मान घालून खात राहिल्या. भाकरी संपली. "आर्धी आणा," म्हणाल्या. ती संपली. "आनिक आर्धी आणा." आम्हीही जेवलो, आणि मी खरं सांगते, भुकेचा काही संबंध नव्हता. चांगलं झालं होतं.

जेवण झाल्यावर वहिनींनी हात धुतले आणि ओट्यावरचे डबे एकेक करून उघडून बघितले. पीठ, डाळ, कूट, तिखट. परत लावले. "झाकणं घट्ट लावायलेत की," म्हणाल्या. बस, एवढंच. सर दिवसभर अजून काही येईल म्हणून वाट बघत होते. मला तर वहिनींचा रागच आला.

चारला आम्ही स्टँडवर आलो. बस लागली तेव्हा सरांनी वहिनींच्या हातात एक कापडी पिशवी दिली. आत स्टीलचा डबा होता.

"नाईट हाय ना आज तुझी," सर म्हणाले. "च्यार भाकरी घातल्यात. पिठलं घट्ट केलंय, सांडणार न्हाई."

वहिनींनी पिशवी घेतली. "बरं," म्हणाल्या आणि बसमध्ये चढल्या.

खिडकीशी वहिनी, कडेला मी, मधे सीटवर पिशवी. वारंगा गेलं. मागच्या सीटवरून बिरादार सर पुढं वाकले. "वहिनी, च्यार हायेत म्हणे. एक काढा की वाटून खायला." वहिनींनी वळूनही बघितलं नाही. अर्धापूरला बस भरली आणि कंडक्टर आमच्यापाशी आला.

"बाई, ती पिशवी वर टाका. माणूस बसंल तिथं."

वहिनींनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि खिडकीकडं सरकून जागा करून दिली.

"आवं, मांडीवर कशाला, वर टाका ना."

"टाकायची न्हाई ती," वहिनी म्हणाल्या. "पायजे तर तिचं तिकीट फाडा."

कंडक्टर थांबला. पिशवीकडं बघितलं, वहिनींकडं बघितलं.

"आसं काय हाय त्यात?"

"पिठलं," वहिनी म्हणाल्या.